शेंदरी भिंतीचा दुसरा हात

गुरुवारचं विमान होतं, आणि मंगळवारची दुपार झाली तरी मी आनिसेला सांगितलं नव्हतं.

आनिसे माझा भाऊ. आमच्यात सगळ्यांत धाकटा, पण आता सेहेचाळीस वर्षांचा घोडा झालाय. लग्न नाही, पोरंबाळं नाहीत. एक होडी आहे आणि एक मी आहे, आणि दोघींपैकी होडीशी तो जास्त बोलतो. मी लेओकादी, त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. आई गेल्यापासून, म्हणजे एकोणीस वर्षं, रोज दुपारी तीनला मी आमच्या दारासमोर, धक्क्याच्या कोपऱ्यावर शेगडी पेटवते आणि खाऱ्या माशाची भजी तळते. आम्ही त्यांना अक्रा म्हणतो. आमच्या बेटावरचं अख्खं आन्स-बेलो गाव माझे अक्रा खातं. बंदरात नांगर टाकणारे शिडाच्या बोटींतले गोरे पाहुणे ओठ भाजून घेतात आणि दुसऱ्या दिवशी परत येतात. एकटा आनिसे आठ-दहा खातो, बोटं पुसतो आणि म्हणतो, "तेलकट झालीत." एकोणीस वर्षं! एक दिवस खाडा नाही.

तर विमान. तिकीट आणलं होतं रोलाँदनं, आमच्या मधल्या बहिणीनं. ती पॅरिसजवळ राहते, हॉस्पिटलात कामाला आहे. दर तीन-चार वर्षांनी सुट्टीवर येते, पाहुणीसारखी महिनाभर राहते, सगळ्या गोष्टींना नाक मुरडते आणि निघताना रडते. या खेपेला ती आली तीच मुळी अर्धी होऊन. तिचा नवरा हिवाळ्यात गेला. दोन खोल्यांची जागा, आणि बोलायला भिंती. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं तिकीट माझ्या मांडीवर ठेवलं.

"लेओ, चल माझ्याबरोबर. तुझी जागा मी वापरली. आता तुझी तू घे."

ती बोलली ते खरंच होतं. तीस वर्षांपूर्वी तिकडच्या हॉस्पिटलांसाठी मुली हव्यात म्हणून सरकारी माणूस गावात आला होता तेव्हा कागदावर नाव माझं लागलं होतं. सुटकेस घेऊन झाली होती. त्याच महिन्यात आईची डावी बाजू गेली. सगळे म्हणाले, लेओ मोठी आहे, लेओ थांबेल. मिळालेली जागा वाया कशाला घालवायची, म्हणून रोलाँद गेली. माझी सुटकेस घेऊन गेली, तेही लिहून ठेवा.

तेव्हापासून माझ्या पायांना भिंगरी आहे, पण ती जागच्या जागीच फिरते. बंदरातून बोट सुटली की माझा झारा हातातच राहतो. कोण कुठं चाललंय, कोण जाणे, पण मी नाही चाललेय एवढं मला कळतं. म्हणून मी रोलाँदला एका दमात "हो" म्हटलं. मग मात्र माझी झोप गेली. तीनदा आनिसेला सांगायला गेले. पहिल्यांदा तो जाळं शिवत होता, म्हणाला, "उजेड अडवू नकोस." दुसऱ्यांदा सूप वाढताना तोंड उघडलं तर म्हणाला, "मीठ कमी आहे." तिसऱ्यांदा मीच पळाले. घरातली दुसरी जुनी सुटकेस पलंगाखालून काढली, तिला बुरशी आली होती, म्हणून परसात उन्हात ठेवली. त्यानं विचारलं असतं तर सांगितलं असतं. त्यानं विचारलं नाही.

सोमवारी पहाटे तो बर्फ भरून लांबच्या मासेमारीला गेला. रात्र वाटेतल्या एका बेटावर काढायची आणि मंगळवारी दुपारी परतायचं. आणि त्याची पाठ वळल्या वळल्या रोलाँद कमरेवर हात ठेवून आमच्या घराच्या समुद्राकडच्या भिंतीपुढे उभी राहिली.

ती भिंत म्हणजे सांगण्यासारखी चीज होती. आमच्या घराच्या तीन बाजूंचा रंग केव्हाच उडून गेलेला, लाकडं उघडी. पण समुद्राकडची ती एक भिंत, पायापासून छपरापर्यंत, भडक शेंदरी. होडीच्या लोखंडाला गंज लागू नये म्हणून लावतात ना, तो रंग. आधी बाबा रंगवायचे, मग आनिसे. दर वर्षी ईस्टरच्या आधी, नेमानं. बाकीच्या तीन बाजूंना हात लावायचा नाही. मी एकदा विचारलं होतं तर म्हणाला, "बाबा लावायचे." झालं, संपलं उत्तर.

"शी! किती विद्रूप दिसते," रोलाँद म्हणाली. "तुला लाज नाही वाटत? ते बोटीवाले फोटो काढतात आणि हसतात. आपण निघून जाणार, आणि तो बिचारा या भोपळ्यात राहणार?"

खोटं कशाला बोलू, मलाही ती भिंत आवडत नव्हती. आणि मनातून अपराधी वाटत होतं. भावाला टाकून जायचं तर मागं काहीतरी नीटनेटकं ठेवून जावं, असं वाटलं. सांगण्यापेक्षा रंगवणं सोपं होतं. मीच दुकानात गेले आणि मीच सायीच्या रंगाचा डबा उचलून आणला. सोमवारी एक हात दिला, मंगळवारी सकाळी दुसरा. शिडीवर मी, खाली रोलाँद, डोक्याला फडकं, आणि दोघी लहानपणची गाणी म्हणत होतो. दुपारी बाराला काम संपलं. काय गोजिरी दिसत होती भिंत! बेकरीतल्या केकसारखी.

"आल्यावर बघ, तोंडात बोटं घालेल," रोलाँद म्हणाली.

बारानंतर धूळ आली. मे-जूनमध्ये ती येतेच. आफ्रिकेच्या वाळवंटातून उठते, अख्खा समुद्र ओलांडते आणि आमच्या डोक्यावर बसते. आधी डोंगर पिवळा झाला, मग डोंगर दिसेना. बंदराबाहेरची खडकांची रांग दिसेना. घसा खरखरायला लागला. सूर्य कसा, तर पुसट नाण्यासारखा, डोळे न मिटता बघता येईल असा. वारा मात्र नेहमीचाच होता, डोंगराकडून समुद्राकडे.

तीन वाजायला आले म्हणून मी शेगडी बाहेर काढली. तळाशी नारळाची सोडणं रचली, वर कोळसा. काड्यापेटी काढायला एप्रनच्या खिशात हात घातला, तर तिकीटच हाताला लागलं. ते बघत उभी राहिले तेवढ्यात धक्क्याच्या खालून आवाज आला.

"कुणी खाल्ली ती भिंत? कुणी खाल्ली, आं? त्याच्या आईला बोलवा!"

क्लोतेर होता. आमच्याच गल्लीतला कोळी, जाडा, लाल डोळ्यांचा, रागावला की शब्द अडखळणारा. होडी धक्क्याला लावली तेव्हा तिच्या बुडाची एक फळी सोललेली दिसत होती. आत घोटाभर पाणी. त्याची बायको मिर्था भांडं घेऊन पाणी उपसायला धावली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय झालं? तूच विचारतेस?" त्यानं आमच्या घराकडे बोट केलं. "तिथं शेंदरी भिंत होती की नाही? चर्चचा मनोरा आणि ती भिंत एका ओळीत धरली की खडकांमधली फट बरोब्बर समोर येते. आज बघतो तर काय, भिंतच नाही! सगळं पिवळं! अंदाजानं घातली आत, तर करकर करकर... देवाची कृपा म्हणून उभा आहे इथं."

मी तिकीट परत खिशात कोंबलं.

गावातल्या कोळ्यांची एक रीत आहे. समुद्रातल्या खुणा कुणी कुणाला सांगत नाही. भावाला नाही, बायकोला तर नाहीच. मासा कुठं आहे ते झाकायचं, हे समजण्यासारखं आहे; पण आमचे लोक घरी यायची वाटसुद्धा झाकतात. फटीजवळ खुणेचं एक तरंगतं पिंप होतं, ते मागच्या वादळात वाहून गेलं. नवीन बसवा म्हणून पत्रं गेली, उत्तर आलं नाही, आणि कुणी आरडाओरडाही केला नाही. आता मला कळलं का ते. क्लोतेरचं बोलणं ऐकून धक्क्यावरचे तीन-चार बाप्ये एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते.

"म्हणजे तूपण भिंतच धरतोस?" एकजण म्हणाला.

"म्हणजे काय, तूपण?"

म्हातारे फुल्बेर काका बाकावर बसले होते. समुद्र सोडून त्यांना पंधरा वर्षं झाली. ते हळूच म्हणाले, "मला वाटायचं, मला एकट्यालाच माहीत आहे."

सगळं गाव त्या एका भिंतीवर घरी येत होतं आणि प्रत्येकाला वाटत होतं की ती आपली गुप्त खूण आहे. आणि आम्ही दोघी शहाण्या बहिणी गाणी म्हणत तिच्यावर साय फासून मोकळ्या झालो होतो.

"बाहेर अजून कोण आहे?" काकांनी विचारलं.

सगळ्यांना माहीत होतं. आनिसे बाहेर होता.

रोलाँद रडायलाच लागली. "मी... लेओ, मला काय माहीत? मला वाटलं, छान दिसेल..."

"गप बस," मी म्हटलं. "रडायचं नंतर. आधी रंग."

मी धावत दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "शेंदरी? संपलाय. उद्या ट्रक येईल शहरातून, प्वँत-आ-पीत्रहून." मी त्याच्यावर इतकी ओरडले की तो बिचारा काउंटरखाली शोधायला लागला. मिळाला काय, तर तळाशी वाळून दगड झालेला अर्धा डबा. तो डबा मी त्याच्याच दुकानात आपटला.

परत आले तर मिर्था आमच्या शिडीवर चढलेली. "रंग नाही तर कापड लाव!" ती वरून ओरडत होती. "लाल, नारिंगी, जे असेल ते आणा! तोंड काय बघताय?"

मग काय विचारता. घराघरातून बायका धावल्या. मद्रास चौकड्यांचे टेबलक्लॉथ आले. कार्निव्हलचे झगे आले, झालरींसकट. चर्चमधल्या बाईनं पेन्टेकॉस्टच्या सणाला वेदीवर घालायचं लाल वस्त्र आणलं आणि म्हणाली, "फादरना मी सांगेन, तुम्ही खिळा ठोका." गावच्या फुटबॉल संघाचे अकरा नारिंगी बनियन आले, न धुतलेले. रोलाँद आत गेली आणि तिचा लाल कोट घेऊन आली, पॅरिसच्या थंडीतला, लोकरीचा. या उन्हाळ्यात कोट कशाला आणलास म्हणून मी तिला चार दिवस चिडवत होते. तिनं तो स्वतः शिडीवर चढून टांगला. रंग ओलाच होता. जे लावू ते चिकटत होतं. खिळ्यांचं काम निम्म्यानं वाचलं.

मी एका जागी उभी राहू शकत नव्हते. शिडीपाशी जायचे, मग धक्क्याच्या टोकाला जायचे, तिथून भिंतीकडे बघायचे, मग परत शिडीपाशी. टोकावरून भिंत दिसायची ती पिवळ्या पडद्यामागं एक मळकट डाग. मग फटीपासून काय दिसणार? कपाळ! एप्रनच्या खिशातलं तिकीट मांडीला टोचत होतं. मला वाटत होतं, हे माझंच पाप आहे. तीन वेळा तोंड उघडलं असतं, तर आज रंगाचा डबा उघडायची वेळ आली नसती.

चारच्या सुमाराला शंख ऐकू आला.

आमच्याकडे मासे घेऊन होडी आली की शंख फुंकतात, म्हणजे बायका टोपल्या घेऊन येतात. आनिसेचा शंख मी हजारात ओळखेन. एक लांब, मग एक तोकडा, धाप लागल्यासारखा. पण तो फटीच्या आत आल्यावर फुंकतो. हा आवाज बाहेरून येत होता, खडकांच्या पलीकडून.

"वाट विचारतोय," क्लोतेर म्हणाला. आता त्याचा राग गेला होता. "भिंत सापडत नाहीये त्याला."

पुन्हा शंख. या खेपेला थोडा उजवीकडून. मग इंजिनाचा आवाज, मग तोही बंद. तो फेऱ्या मारत होता. फुल्बेर काकांनी कुणाचा तरी शंख हिसकावून घेतला आणि उत्तर द्यायचा प्रयत्न केला, पण त्यांच्या छातीत तेवढा दम राहिला नव्हता. क्लोतेरनं फुंकला. पण शंखाचा आवाज डोंगरावर आपटून चारी बाजूंनी परत येतो, त्यावरून फट कशी सापडणार? समोर जाऊन आणावं तर क्लोतेरच्या होडीत पाणी, आणि बाकीच्यांना तरी बाहेरून परत येताना कुठली खूण होती?

"अजून कापड आणा," रोलाँद ओरडत होती. तिचा आवाज फाटला होता. "चादरी आणा, काहीही आणा!"

"पांढऱ्या चादरी काय उपयोगाच्या, बये?" मिर्था म्हणाली.

पावणेपाच झाले. शंख येतच होता. एक लांब, एक तोकडा. एक लांब, एक तोकडा. माझ्याच नावानं कुणीतरी हाक मारतंय आणि मला उत्तर देता येत नाहीये, असं वाटत होतं. टांगण्यासारखं घरात काही उरलं नव्हतं. शिडीवर जागा नव्हती. धक्क्यावर उभं राहून बघायचं तर बघायला काही नव्हतं. माझ्या हातांना काम हवं होतं, नाहीतर मी किंचाळले असते. शेगडी तिथंच होती, सोडणं रचलेली. मी काडी ओढली.

"आता भजी तळतेस?" रोलाँद किंचाळली. "तुझा भाऊ तिकडे..."

"तळते! दुसरं काय येतं मला? सांग ना, दुसरं काय शिकवलंत मला कुणी?"

सोडणं दमट झाली होती. आधी पेटेनात, मग एकदम धूर सुटला, दाट, पांढरा, डोळ्यांत जाणारा. वाऱ्यानं तो धक्क्यावरून खाली, पाण्यावर ढकलला. मी पंख्यानं वारा घालत राहिले, गरजेपेक्षा कितीतरी जास्त. कोळसा लाल झाला तशी कढई ठेवली. पीठ सकाळचंच भिजलेलं होतं, आंबूस झालं होतं. पहिला घाणा सोडला. तेलाचा चर्र आवाज झाला, आणि मला हमसून रडायला आलं. रडत रडत मी भजी उलटत होते.

शंख थांबला.

रोलाँदनं माझा दंड इतका घट्ट धरला की मला आजही तो आठवतो. मग इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. आवाज थांबला नाही, फिरला नाही, सरळ आला. थोडा उजवीकडे वळला, मग अजून सरळ. आणि त्या पिवळ्या पडद्यातून आनिसेची निळी होडी बाहेर आली, मागं तो उभा, डोक्यावर नेहमीची फाटकी टोपी.

काय ओरडा झाला! क्लोतेर नाचायला लागला. मिर्थानं रोलाँदला मिठी मारली. "सापडली! भिंत सापडली त्याला!" सगळे भिंतीकडे बघून टाळ्या वाजवत होते. चर्चवाल्या बाईनं क्रुसाची खूण केली. रोलाँद दोन्ही हात तोंडावर ठेवून रडत होती आणि हसत होती.

आनिसेनं दोर फेकला, क्लोतेरनं धरला. तो वर चढला. त्याचे डोळे धुळीनं लाल झाले होते, ओठ शंख फुंकून सुजले होते. भिंतीकडे त्यानं बघितलंच नाही. सरळ माझ्याकडे आला.

"शेगडी का नव्हती पेटवली?"

"काय?"

"तीनला पेटवतेस ना? मी चारपासून बाहेर उभा आहे. धूर नाही, वास नाही. शंख फुंकला तरी काही नाही." त्याचा आवाज चिरकला. आनिसेचा आवाज! "मला वाटलं, तुला काहीतरी झालं."

"आणि... भिंत?"

"भिंतीचं काय?" तो वळला आणि मग त्याला ती दिसली, झगे, टेबलक्लॉथ, बनियन, लाल कोट सगळं अंगावर घेतलेली. तो बघतच राहिला. "हे काय? कुणाची वरात आहे?"

क्लोतेरला आणि बाकीच्यांना मिर्थानं अक्रा वाटायला घेतले होते, म्हणून त्यांचं लक्ष नव्हतं. मी त्याला हळू आवाजात सगळं सांगितलं, रंगाचं. तो रागावला नाही. मान हलवली.

"तू भिंत नाही धरत?" मी विचारलं.

"पूर्वी धरायचो. भिंत वारा सांगते का? धूर सांगतो. धूर वाकला की कळतं, डोंगरातून झोत येतोय, फटीत आडवा मारणार. आणि असल्या धुळीत भिंत दिसते कुठं? नाकावर येतो मी. आधी सोडणांचा वास लागतो, तेव्हा वेग कमी करायचा. तेलाचा आला की उजवीकडे."

"कधीपासून?"

"तू बसायला लागलीस तेव्हापासून."

"आणि मग दर वर्षी भिंत कशाला रंगवतोस, मेल्या?"

"बाबा रंगवायचे." मग त्यानं हनुवटीनं क्लोतेरकडे खूण केली. "आणि ही गाढवं आत कशी येणार?"

एकोणीस वर्षं. तो मला रोज बाहेरून शोधत होता आणि मला वाटत होतं, मी नसले तरी याला कळणारसुद्धा नाही. आता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही, हे मला कळलं.

"आनिसे, मी गुरुवारी चालले आहे. रोलाँदबरोबर. तिकीट काढलंय."

त्यानं टोपी काढली, झटकली, परत घातली.

"माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"सुटकेस उन्हात ठेवलीस ती काय माशांसाठी?"

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो."

"आणि तू आत कसा येणार? आं? धूर नसेल तर?"

"भिंतीवर. यायचो तसा. धुळीच्या दिवशी बाहेर जाणार नाही." त्यानं कढईतून एक भजं उचललं, फुंकर मारली. "जायच्या आधी तेवढी रंगवून जा म्हणजे झालं. शेंदरी. आणि दोन हात दे. एका हातानं काही टिकत नाही."

खरं सांगू? मला त्याचा भयंकर राग आला. तीस वर्षं मी आधी आईच्या आणि मग याच्या नावानं अडकून बसले होते. कुणी विचारलं की म्हणायचे, आनिसेला सोडून कशी जाऊ. दिवसभर माझ्या मनात कुठंतरी होतं की हा म्हणेल, जाऊ नकोस. मग मी भांडेन, मग थांबेन, मग आयुष्यभर त्याला ऐकवेन. आणि हा माणूस दार सताड उघडून बाजूला उभा राहिला होता. अडवणारं कुणीच नव्हतं. माझ्या पायाखालची जमीन एकदम मोकळी झाली आणि मला भीती वाटली.

त्यानं एकामागून एक नऊ अक्रा खाल्ले. बोटं पुसली.

"तेलकट झालीत," म्हणाला, आणि मासे उतरवायला गेला.

बुधवारी ट्रक आला, शेंदरी रंगाचे दोन डबे आले. सकाळी आम्ही भिंतीवरून कपडे सोलून काढले. फुटबॉल संघाला त्यांचे बनियन सायीच्या ठिपक्यांसकट परत मिळाले. लाल वस्त्राचं चर्चमध्ये काय झालं ते मी विचारलं नाही. रोलाँदच्या कोटाच्या पाठीवर एवढा मोठा धब्बा पडला होता. ती म्हणाली, राहू दे, तिकडे कुणी विचारलं तर सांगायला होईल. मग तिनं खालून आणि मी वरून भिंतीला पहिला हात दिला. या खेपेला गाणी म्हटली नाहीत. एकदोनदा तिनं विचारलं, "लेओ, येतेयस ना नक्की?" मी म्हटलं, "शिडी धर नीट."

दुपारी तीनला मी शेगडी पेटवली. मिर्था शेजारी बसून शिकत होती, कारण उद्यापासून ती तळणार होती. पीठ फार घट्ट भिजवत होती. धुराकडे मात्र तिचं लक्ष होतं, आनिसेनं तिला काहीतरी सांगितलं असावं.

संध्याकाळी रंग सुकला. एकच हात असल्यामुळं शेंदरीच्या आतून साय डोकावत होती, पपई पुरती पिकलेली नसावी तशी. पण समुद्रावरून दिसत होती. क्लोतेर मुद्दाम फटीपर्यंत जाऊन बघून आला. दुसऱ्या हाताला रंग भरपूर उरला होता आणि उजेडही होता. मी डब्याचं झाकण दाबून लावलं.

आनिसे होडी ओढून घराकडे येत होता. थांबला. भिंतीकडे बघितलं, मग डब्याकडे.

"दुसरा हात?"

"एक हात वर्षभर टिकतो का?"

त्यानं भिंतीवरून अंगठा फिरवला, अंगठ्याकडे बघितलं. "टिकतो कसाबसा. पुढच्या पेन्टेकॉस्टपर्यंत. मग विटायला लागेल."

"मग तेव्हा देते," मी म्हटलं. "सुट्टीवर येईन तेव्हा. हात लावू नकोस तोवर."

माझ्या हातातला ब्रश त्यानं घेतला. मला वाटलं, फेकून देईल. वापरलेले ब्रश तो नेहमी फेकूनच देतो. त्यानं एका डब्यात रॉकेल ओतलं, ब्रश त्यात उभा केला, आणि तो डबा दारामागच्या फळीवर, बाबांच्या शंखाशेजारी नेऊन ठेवला.

"रॉकेल मधूनमधून बदलावं लागेल," तो म्हणाला. "बदलेन मी."